टिटवीला गाणं कोण शिकवणार

चष्मेवाल्याची मुलगी गल्लीच्या या टोकाला गायला लागली की त्या टोकाची माणसं खिडक्या लावून घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायची, कारण गाणं चांगलं असायचं. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. एरवी सगळ्यांसाठी ती टिटवी. हे नाव कुणी ठेवलं यावर घरात एकमत नव्हतं. आई म्हणायची, आत्याने ठेवलं. आत्या म्हणायची, "मी कशाला ठेवू? पोरीने जन्मल्या जन्मल्या स्वतःच सांगितलं."

टिटवी अकरा वर्षांची होती. दात घासताना गायची, दप्तर भरताना गायची, गणित अडलं की जास्तच गायची. तिची आई ग्रंथालयात कामाला होती. ती म्हणायची, "दिवसभर लोकांना गप्प बसवायचा पगार घेते आणि घरी येऊन फुकटात हरते."

शाळा सुटली की टिटवी बाबांच्या दुकानात यायची. दुकान लांबट होतं. पुढे फ्रेमांची कपाटं, मध्ये डोळे तपासायची अंधारी खोली आणि मागे पत्र्याच्या टेबलावर काचा घासायचं मशीन. त्या मशीनच्या शेजारच्या स्टुलावर ती लहानपणापासून बसत आलेली. चष्मेवाल्याने काच घासायच्या दगडाला लावली की मशीन घुमायला लागायचं आणि टिटवी आपला आवाज त्याच्याही वर चढवायची. पुढे बसलेलं गिऱ्हाईक दचकून मागे बघायचं. मग चष्मेवाला हात पुसत बाहेर यायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "मशीनला हरवते माझी पोरगी."

त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात गाताना तिचा आवाज मध्येच फाटला. तिने ओढूनताणून गाणं पुरं केलं, टाळ्याही पडल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तोंडून शब्दाऐवजी नुसता वारा आला. घसा आठवड्याने सुटला, महिन्याभरात पुन्हा बसला. तेव्हा तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात बारीक नळी घालून बघितलं आणि चष्मेवाल्याला बाजूला घेतलं.

"आवाजाच्या पडद्यांवर सूज आहे," ते म्हणाले. "आत्ता उतरेल. पण ही पोरगी गाताना गळ्यावर फार जोर देते. हे असंच चाललं तर तिथे गाठी धरतील आणि मग गाणं विसरा."

"मग गाणं बंद करायचं का?"

"बंद करून राहील का ती?"

चष्मेवाल्याने काचेच्या दारातून बघितलं. टिटवी बाकावर बसून ओठ न हलवता काहीतरी गुणगुणत होती आणि पायाने ताल धरत होती.

"नाही राहायची," तो म्हणाला.

"तर मग नीट शिकवणारं माणूस गाठा. चांगलं माणूस भेटलं तर आवाज सुधारेल. चुकीचं भेटलं तर आहे तोही जाईल. यात औषध माझ्याकडे नाही."

झालं. तेव्हापासून चष्मेवाल्याच्या डोक्याला भुंगा लागला. पंधरा-सोळा वर्षं त्याने लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले होते. कुठली काच कुणाला बसेल हे त्याला कळत होतं. पण गाण्यातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. तो स्वतः गायला लागला तर टिटवी कानात बोटं घालायची, तेही प्रेमाने.

आत्याला मात्र सगळं कळत होतं. ती त्याची मोठी बहीण, दोन रस्ते सोडून राहायची, आणि घरात प्रश्न उभा राहिला की चहाच्या वेळेला बरोबर हजर व्हायची. तिला वाचायला चष्मा लागला होता, पण ती ते मान्य करायला तयार नव्हती. भावाच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता तिने पाठ करून ठेवला होता आणि दर वर्षी तो खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायची.

"यात विचार कसला करतोस?" ती म्हणाली. "गाण्याच्या मास्तरांकडे घाल. अख्ख्या शहरात दुसरं नाव नाही."

"ताई, तू त्यांना ऐकलंयस का कधी?"

"ऐकायला कशाला लागतं? नाव ऐकलंय ना."

मास्तरांचा वर्ग एका मोठ्या दिवाणखान्यात भरायचा. भिंतीवर फोटो, कपाटात चषक, खाली सतरंजीवर ओळीने बसलेली मुलं. मास्तर उंचेपुरे, पिकल्या केसांचे. बापलेक दारात उभे असताना ते मुलांना एक ओळ म्हणून दाखवत होते. ती ओळ ऐकून चष्मेवाला जागच्या जागी थिजला. आवाज असा, की खिडकीच्या तावदानांना जाणवावा. त्याला वाटलं, झालं आपलं काम. असं गाणाऱ्या माणसाकडे नाही शिकायचं तर कुणाकडे शिकायचं?

मास्तरांनी टिटवीला पुढे बोलावलं. "म्हण काहीतरी. घाबरू नकोस."

घाबरणं टिटवीला माहीतच नव्हतं. तिने श्वास घेतला आणि सोडला तो थेट छताकडे. सतरंजीवरची मुलं चपापली. मास्तर मात्र खूश झाले. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अरे वा. याला म्हणतात गळा. आमच्या मुलांना आवाज काढा म्हणून मागे लागावं लागतं, हिचा तर दारातूनच आत आला." मग चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या महिन्याअखेर आमचा वार्षिक कार्यक्रम आहे. एकटीचं गाणं देतो हिला. चार दिवस बसू दे वर्गात, मग पुढच्या शनिवारपर्यंत मला हो-नाही कळवा. पत्रिका छापायला जायच्यात."

घशाच्या सुजेचं चष्मेवाल्याने सांगितलं. मास्तर हसले. "गाणाऱ्याचा घसा बसतोच हो. मध घ्या. सवयीने पक्का होतो."

घरी येताना टिटवीचे पाय जमिनीवर नव्हते. "बाबा, एकटीचं गाणं. स्टेजवर. एकटीचं." ती बोलत होती आणि तिचा आवाज शेवटच्या शब्दाला खरखरत होता. चष्मेवाल्याने ते ऐकलं. तो स्वतःशी म्हणाला, पहिला दिवस आहे, उत्साहात होतं असं.

ती चार दिवस गेली. चौथ्या दिवशी परत आली तेव्हा तिने पाणी खुणेने मागितलं.

आई उठली. तिने पाणी दिलं, कोमट करून दिलं, आणि पोरगी झोपायला गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "अहो, आणखी एक-दोन ठिकाणी बघून घेऊ. एवढी काय घाई आहे?"

"मास्तर किती सुंदर गातात ते तू ऐकलं नाहीस."

"ते गातात ना सुंदर. हिचं काय?"

चष्मेवाला जरा चिडला आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेला.

दुसरीकडे म्हणजे मॅडमकडे. मॅडम रेडिओवर गायच्या. त्यांची खोली नीटनेटकी, पडदे इस्त्रीचे, आणि त्या एका वेळी एकाच मुलाला शिकवायच्या. त्यांची रीत अशी, की आपण म्हणायचं आणि मुलाने जसंच्या तसं परत म्हणायचं. तासातला बराचसा वेळ मॅडमच गायच्या, आणि गोड गायच्या. चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर माना डोलावत बसला. त्याला पुन्हा वाटलं, झालं आपलं काम.

टिटवी नकलेत पटाईत. दोन तासांतच ती मॅडमसारखी गायला लागली. शब्दाच्या शेवटी मॅडम आवाज किंचित नाकात न्यायच्या, टिटवीही न्यायला लागली. मॅडम ओळ संपवून हलकंसं खाकरायच्या. रात्री जेवताना टिटवीने भात मागितला आणि मागून हलकंसं खाकरली.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "हे कोण जेवायला आलंय आपल्याकडे?"

टिटवी खो-खो हसली. तिचं ते हसणं मात्र तिचंच होतं. चष्मेवाला हसला नाही. दुकानात कधी कधी लोक दुसऱ्याचा चष्मा लावून येत. भावाचा, नवऱ्याचा. म्हणत, यातून स्पष्ट दिसतं, असाच द्या. तो त्यांना समजावायचा, की काच कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी घासलेली आहे, चार दिवसांत डोकं धरेल. हे तो रोज सांगत होता आणि पोरीच्या बाबतीत नेमकं तेच करत होता. काच किती महाग आहे ते बघत होता. तिच्या डोळ्याला लावून बघत नव्हता.

"आमच्याकडे एक बाई पुस्तकं न्यायला येतात," आई म्हणाली. "गाणं शिकवतात म्हणे. मी त्यांना गाताना ऐकलेलं नाही."

"मग काय ऐकलंयस?"

"बोलताना. अगदी हळू बोलतात, नियमाप्रमाणे. पण शब्द न् शब्द शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचतो. मला त्यांना 'शू' म्हणताही येत नाही आणि न म्हणता राहवतही नाही."

एवढ्या शिफारशीवर चष्मेवाला टिटवीला घेऊन निघाला. बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर राहत. जिना लाकडी होता. सायकलवाल्याने पाना हातात धरूनच वर बोट दाखवलं, "बाईंकडे ना? चौथी पायरी हलते, सांभाळून."

वरच्या खोलीत एक जुना पियानो, दोन खुर्च्या आणि खिडकीत कुंडी. बाई ठेंगण्या, पायात सपाता. त्यांनी चष्मेवाल्याला बसायला सांगितलं आणि त्याने वाट बघितली, की आता या काहीतरी गाऊन दाखवतील. त्यांनी काहीच गाऊन दाखवलं नाही. टिटवीला विचारलं, "आज शाळेत काय काय झालं?"

टिटवीने सांगितलं. बाकावरून भांडण झालं होतं, ते तिने दोन्ही बाजूंचे आवाज काढून सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता एक गाणं म्हण. कुठलंही. कुठूनही सुरू कर."

टिटवीने सुरू केलं. पहिल्या शब्दालाच बाईंनी पियानोची एक पट्टी हलकेच दाबली आणि सोडली. ओळ झाली तशी त्यांनी हात वर केला. "छान. आता दुसरं."

दुसरं सुरू झालं. बाईंनी पट्टी दाबली. तीच पट्टी.

"आता खिडकीतून खाली बघून ये. सायकली मोज. मग तिसरं म्हण."

टिटवीने सायकली मोजल्या, पाणी प्यायली, तिसरं गाणं म्हणायला घेतलं. पुन्हा तीच पट्टी.

बाईंच्या कपाळाला बारीक आठी पडली. रागाची नव्हती, कोडं पडल्यासारखी होती. "ही दर वेळी इथूनच सुरू करते," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या. "तिन्ही गाणी वेगळी आहेत. हे गाणं तर खालून घ्यायला हवं, तरी हिने इथूनच उचललं. घरात कुणी गातं का? रेडिओ, टीव्ही सतत चालू असतो का?"

"छे हो. मी गायलो तर ही घर सोडून जाईल."

"मग हा सूर हिने आणला कुठून?" बाईंनी ती पट्टी पुन्हा दाबली आणि या वेळी दाबून धरली. तो सूर खोलीत घुमत राहिला.

चष्मेवाल्याने मान वर केली.

"परत दाबा जरा," तो म्हणाला.

बाईंनी दाबली.

"हे माझं मशीन आहे."

"काय?"

"काचा घासायचं मशीन. दुकानात मागे आहे. दगड नवा असला की ते असंच बोलतं. दगड झिजत आला की आवाज जरा खाली उतरतो, त्यावरून मी दगड बदलतो. ही त्याच्या शेजारीच बसते. लहानपणापासून."

बाईंनी टिटवीकडे बघितलं. "काय गं, दगड झिजला की तूही खाली उतरतेस का?"

"माहीत नाही," टिटवी म्हणाली. तिला हे फारच आवडलेलं दिसत होतं. "पण मशीन बंद असलं की मला मनात चालू करावं लागतं. त्याशिवाय गाणं निघत नाही."

बाईंनी पियानो मिटला. मग खुर्ची ओढून चष्मेवाल्यासमोर बसल्या आणि सावकाश बोलू लागल्या. मशीन चालू असताना माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. पोरीने लहान वयात एवढं शोधून काढलं, की गळा आवळून मशीनच्या वर गेलं तर ऐकू येतं. मग तीच तिची गाण्याची जागा झाली. आता मशीन बंद असलं तरी गळा ते चालूच आहे असं समजून जोर लावतो.

"ही गाते म्हणजे खरं तर मशीनवरून हाका मारते," बाई म्हणाल्या. "हाका फार सुरेल आहेत, ते सोडा."

चष्मेवाल्याचं तोंड उतरलं. मशीनला हरवते माझी पोरगी. किती जणांना सांगितलं असेल त्याने. दर वेळी मागच्या खोलीत ते तिला ऐकू जायचं आणि ती आणखी वर चढायची.

"म्हणजे हे माझ्यामुळे."

"तुमच्याजवळ बसायला तिला आवडत होतं, म्हणून ती बसली. बसू दे की. मशीन चालू असताना गप्प राहायचं, एवढंच. तेवढं जमेल का गं?"

"नाही," टिटवी प्रामाणिकपणे म्हणाली.

"बरं. मग शिकू," बाई म्हणाल्या.

उरलेल्या वेळात त्यांनी तिला ओठ मिटून नुसतं गुणगुणायला लावलं, जांभई दिल्यासारखा गळा मोकळा सोडायला लावला, आणि शेवटी एकच ओळ म्हणायला सांगितली, पण शेजारच्या खुर्चीवर बाळ झोपलंय अशी. बाळ जागं झालं तर हरलीस. बाळ कितीदा जागं झालं याची गणतीच राहिली नाही.

निघताना बाईंनी चष्मेवाल्याला स्पष्ट सांगितलं, "निदान वर्षभर स्टेज नाही. मोठ्याने गाणं नाही. हिला कंटाळा येईल, तुम्हालाही येईल. लोक विचारतील, पोरीचा आवाज कुठे गेला. ते ऐकून घ्यायची तयारी असेल तर या. नसेल तर मास्तर वाईट शिकवत नाहीत. धडधाकट गळ्याला ते चालतील."

शुक्रवारी दुपारी आत्या दुकानात आली ती भांडायच्या बेतानेच. "म्हणजे मास्तर सोडून त्या सायकलवाल्याच्या माडीवर? त्या बाईंनी गाऊन तरी दाखवलं का?"

"नाही."

"एक ओळ?"

"अर्धीही नाही."

"मग तुला कळलं कसं, त्यांना येतं ते?"

"ताई," चष्मेवाला म्हणाला, "माझ्याकडे लोक नंबर काढायला येतात. मला कुणी विचारतं का, तुम्हाला किती लांबचं दिसतं म्हणून?"

आत्याने नाक मुरडलं. "आणि पोरीला विचारलंस का? स्टेजवर एकटीचं गाणं. तिच्या तोंडचा घास काढून घेशील तू."

हे मात्र त्याला लागलं, कारण पोरीला त्याने खरंच विचारलं नव्हतं. तिला विचारायची त्याला भीती वाटत होती. ती 'मास्तर' म्हणाली तर काय करायचं? आणि बापाच्या तोंडाकडे बघून 'बाई' म्हणाली, तर ते उत्तर काय कामाचं?

आत्या गेल्यावर त्याने दुकानाचं दार पुढे ओढलं, टिटवीला तपासणीच्या खोलीत नेलं आणि उंच खुर्चीवर बसवलं.

"मला चष्मा लागलाय?" टिटवीने विचारलं.

"नाही. गाणं म्हणायचंय. एकच गाणं दोनदा. आधी मास्तरांकडे म्हणतेस तसं, मग बाईंनी सांगितलं तसं. आणि मला सांगायचं, कुठलं बरं."

टिटवीने मास्तरांसारखं म्हटलं. त्या एवढ्याशा खोलीत आवाज मावेना. चष्मेवाल्याच्या अंगावर काटा आला. त्याला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर आयुष्यभर तेच ऐकत राहावं असं त्याला वाटलं. मग तिने बाईंसारखं म्हटलं. आवाज एकदम लहान झाला, दोनदा घसरला, एकदा पार गेलाच, आणि ती मध्येच फिस्सकन हसली.

"झालं," ती म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली. गिऱ्हाइकं बघतात तशीच. बरोबर उत्तर तपासणाऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं असेल अशा आशेने.

चष्मेवाल्याने पाठ फिरवली आणि काचांची पेटी उगाचच आवरायला घेतली.

"बाबा, तुम्हाला कुठलं आवडलं?"

"मी सांगत नसतो."

"सांगा ना."

"गिऱ्हाइकाला मी कधी सांगितलंय?"

ती खुर्चीवर नीट सरकून बसली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणू?"

"म्हण. हवं तेवढं म्हण."

तिने मोठं म्हटलं, मग लहान म्हटलं. मग लहान पुन्हा एकदा म्हटलं, कारण पहिल्या वेळी घसरलेली जागा तिला नीट करायची होती. ती जागा पुन्हा घसरली. "थांबा थांबा," ती म्हणाली आणि डोळे मिटून तीच ओळ सावकाश घेतली. चष्मेवाला पाठमोराच उभा होता. पेटीतल्या काचा त्याने सगळ्या उलट्या लावून ठेवल्या होत्या.

"मोठ्याने म्हटलं की लोक बघतात," टिटवी शेवटी म्हणाली. "मला आवडतं ते. पण तेव्हा गाणं सुटतं आणि मी त्याच्यामागे पळते. कसं झालं ते नंतर तुमच्याकडे बघून कळतं. लहान आवाजात मला लगेच कळतं, कुठे चुकलं."

"मग बरं कुठलं?"

"लहान वाईट आहे," ती म्हणाली. "पण मला ते करायचंय." आणि मग तिच्या लक्षात आलं. "मग स्टेज नाही?"

"या वर्षी नाही."

ती रडली. फार नाही, पण मनापासून, आणि चष्मेवाल्याने तिला रडू दिलं. रुमाल काचा पुसायचा होता, मऊ होता, तोच दिला.

शनिवारी त्याने मास्तरांना फोन केला. कसं सांगायचं याची त्याने मनात चार वेळा जुळवाजुळव केली होती, पण मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "गळा चांगला आहे, वाया घालवू नका म्हणजे झालं. पुढे वाटलं तर या." आत्या मात्र पंधरा दिवस चहाला आली नाही, आणि आली ती "तुमच्या मूकगायिकेचं कसं चाललंय?" असं विचारतच.

बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. टिटवीला कंटाळा आला. गल्लीतले लोक विचारायला लागले, पोरगी आजारी आहे का. दुकानात मशीन सुरू व्हायच्या आधी चष्मेवाला आता "घासतोय" म्हणून ओरडायचा आणि टिटवी तोंडावर हात दाबून धरायची. एकदा विसरून दोघंही चुकले, तेव्हा तिने त्यालाच रागावून घेतलं. पण घसा त्यानंतर बसला नाही. डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून बघितलं, मान हलवली आणि बाईंचा पत्ता लिहून घेतला.

सुरुवातीला चष्मेवाला बाईंच्या खोलीत कोपऱ्यात बसायचा. मग एके दिवशी टिटवी जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "बाबा, तुम्ही खालीच थांबा. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघते."

तो खाली थांबला. सायकलवाल्याने त्याच्यासाठी एक स्टूल पुसून दिलं. तो बसून वरचा कानोसा घ्यायचा, पण काही ऐकू यायचं नाही.

"शिकतेय ना काही?" सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवत विचारलं.

"शिकतेय असं म्हणतात."

"आधी कसली गायची हो. शाळेतून जाताना इथून ऐकू यायची."

"हो," चष्मेवाला म्हणाला. वर्ष सरत आलं होतं आणि त्याला मधूनच, विशेषतः संध्याकाळी, तो जुना मोठा आवाज आठवायचा. आपण पोरीचं काही हिरावून तर घेतलं नाही ना, असं वाटायचं. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सायकलवाल्याने ट्यूब बाहेर काढली, भोक सापडलं, तिथे खडूने खूण केली. वरच्या खिडकीतून कुणीतरी गायला लागलं. आवाज मोठा नव्हता. खालून कुठूनतरी सुरू झाला आणि पायऱ्या चढल्यासारखा एकेक सूर वर गेला. कुठेही ढकलल्यासारखा वाटला नाही. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, ती गेल्यावरही तो होताच, तेवढाच, तसाच. पलीकडच्या फुटपाथवर पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली, तिने वर बघितलं आणि मग चालू लागली.

चष्मेवाल्याने घड्याळ पाहिलं. पोरीचा तास संपून दुसरा विद्यार्थी आला वाटतं, असं त्याच्या मनात आलं. मोठी मुलगी असावी कुणीतरी, बरीच वर्षं शिकत असलेली. टिटवी अजून खाली कशी आली नाही म्हणून तो उठला.

"वर कुणी गेलेलं मी बघितलं नाही," तो म्हणाला. "ही कोण गातेय?"

सायकलवाल्याने त्याच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं.

"कुणी गेलंच नाही हो," तो म्हणाला. "वर तुमची एकटीच आहे."

चष्मेवाला परत स्टुलावर बसला. ओळ संपली, बाई काहीतरी बोलल्या, आणि तीच ओळ पुन्हा सुरू झाली.